जनीची वाकळ आणि आपली दिंडी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या ग्रंथात वीणेवर कुणी लिहील, पखवाजावर लिहील, मुक्कामांवर आणि अन्नदात्यांवर लिहील. ते लिहायलाच पाहिजे. आम्ही मात्र वाकळेवर लिहिणार आहोत. वाकळेचा कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. ती अंथरायची, पांघरायची, विरली की तिच्यावर दुसरं लुगडं घालून परत शिवायची, एवढंच तिचं काम. पण मंडळी, दिंडी शंभर वर्षं चालली ती दिवसा टाळाच्या जोरावर आणि रात्री वाकळेच्या आधारावर. टाळाचं कौतुक झालंय, वाकळेचं राहिलंय. आमची शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली आणि 1972 चा दुष्काळ पडला, मग दप्तर खुंटीला ते खुंटीलाच. तेव्हा भाषा थोडी रानातली, थोडी कीर्तनातली येईल, ती गोड मानून घ्यावी.

आधी नावाचं बघू. आमच्या माणदेशात हिला वाकळ म्हणतात. पुण्या-नगराकडं गोधडी. खाली कर्नाटकात गेलं की कौदी. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कच्छ-सिंधकडं रल्ली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक आहेत, त्यांचे वाडवडील आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बाया जी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून फुलं बसवतात. फूल नसलं तर कवंदी उघडीनागडी दिसते, असं त्या बाया मानतात. म्हंजे देश बदलला, बोली बदलली, पण जुनं कापड टाकायचं नाही, एकाला एक जोडायचं, ही अक्कल बाईमाणसाला सगळीकडं सारखीच दिली देवानं.

वाकळ आणि रजई एक समजू नका. रजईत पिंजलेला कापूस भरतात. कापूस विकत, पिंजाऱ्याची मजुरी वेगळी, वरचं कापड नवं. घोंगडी आणखी वेगळी. ती मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली, पावसाचं पाणी अंगावरून खाली सोडणारी. वाकळेत सुई आणि दोरा सोडला तर नवं काहीच नसतं. आणि पूर्वी तर दोराही जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढायच्या बाया.

आता ती शिवतात कशी ते सांगतो, कारण आजच्या पोरांना ते बघायला मिळत नाही. सुगी आटपली, रानात काम नाही, असे चैत्र-वैशाखाचे दिवस धरायचे. मृग निघायच्या आत वाकळ पुरी व्हायला पाहिजे. अंगण सारवून घ्यायचं. नऊवारी लुगडं सहा-सहा फुटांवर फाडलं तर चार पट्टे निघतात आणि वर दोन हात कापड उरतं. उरलेलं ठिगळाला जातं. अशी दोन-तीन लुगडी, एखादं धोतर, एकावर एक अंथरायची. सुरकुती राहता कामा नये, नाहीतर ती जन्मभर पाठीला टोचते. वर रंगीत तुकड्यांची मांडणी करायची. पोराची अंगी, पोरीचा परकर, चोळीचा तुकडा, पटक्याचं टोक, जे असेल ते. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकाला टाचायचे. त्याच्यानंतर खरं काम. कडेपासून सुरुवात करून बोटभर अंतरानं धावदोरा घालत फिरायचं. खळ्यावर बैलं मेढीभोवती फिरतात ना, तशी सुई फिरते, आणि फेरी लहान लहान होत मधी येते. दोन बाया असतील तर समोरासमोर बसतात, चार असतील तर चारी बाजूला. मधली जागा राहते तिला आमच्या घरच्या म्हाताऱ्या वाकळेचं पोट म्हणायच्या. शेवटचा टाका घालायच्या आत तिथं जोंधळ्याचे चार दाणे ठेवायच्या. उपाशी वाकळ पांघरू नये, असं त्यांचं म्हणणं.

वाकळेला ऊब येते ती कुठून? जुन्या कापडाच्या थरांमधी हवा अडकून राहते, आणि दाट टाक्यांमुळं थर हलत नाहीत. शंभर वेळा धुऊन मऊ पडलेलं सुती कापड घामही पितं आणि अंगालाही लागत नाही. म्हणून तर बाळंतिणीच्या खोलीत नवं कापड नेत नसत. बाळाला पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं. जगात आल्या आल्या माणसाच्या अंगाला आधी आजी लागायची, मग बाकीचा गाव. आणि वर्षातून एकदा, नवरात्र बसायच्या आधी, घरातल्या सगळ्या वाकळा ओढ्याला जायच्या. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. ज्यांचं वर्षभर बोलणं नाही अशा जावासुद्धा त्या दिवशी एकमेकीसमोर उभ्या राहायच्या.

हे झालं घरातलं. आता जरा जुन्या काळात जाऊ.

ठिगळं जोडून केलेलं वस्त्र आपल्या देशात फार प्राचीन आहे, आणि ते आधी साधूंचं. गौतम बुद्धांचे भिक्षू टाकलेल्या चिंध्या उकिरड्यावरून, मसणातून गोळा करून, धुऊन, जोडून चीवर करायचे. बौद्धांच्या विनयात एक गोष्ट आहे. मगध देशात भाताची खाचरं बघून बुद्धांनी आनंदाला सांगितलं, अशा बांधाबांधाची चीवरं करता येतील का? आनंदानं तशी केली. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला ही गोष्ट लगेच पटते. उंचावरून रान बघा, बांधांनी जोडलेली वाकळच दिसते. आपल्या महाराष्ट्रात कार्ले, भाजे, जुन्नर इथल्या लेण्यांत दगडात कोरलेले ओटे आहेत. त्या दगडावर ते भिक्षू निजायचे.

नाथपंथात जोग्याच्या अंगावर शिंगी, मुद्रा आणि कंथा असते. कंथा म्हंजे ठिगळांची वाकळच. आपल्या माऊलींच्या घराण्याचा नाथपंथाशी सरळ संबंध. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानोबारायांना. तिकडं बंगालात चैतन्य महाप्रभूंच्या चरित्रात सनातन गोस्वामींची कथा आहे. गौडच्या सुलतानाच्या दरबारातलं मोठं पद सोडून हे काशीला आले. अंगावर मेहुण्यानं दिलेली भारी घोंगडी होती. महाप्रभू बोलले काही नाहीत, पण त्यांची नजर सारखी त्या घोंगडीकडं जायची. सनातन समजले. गंगेच्या घाटावर एक माणूस आपली फाटकी कांथा वाळवत बसला होता. त्याला घोंगडी दिली, त्याची कांथा घेतली आणि पांघरून आले. हेच चैतन्य महाप्रभू दक्षिणेच्या यात्रेत आपल्या पंढरपूरला येऊन विठ्ठलाचं दर्शन घेऊन गेले, असं त्यांच्या चरित्रात आहे.

इथं थोडं थांबून एक फरक ध्यानात घ्या. भिक्षूचं चीवर, जोग्याची कंथा, गोस्वामींची कांथा, ही सगळी घर सोडलेल्या पुरुषांची वस्त्रं. ठिगळ म्हंजे वैराग्याची खूण. वारकऱ्याला असं घर सोडायला सांगितलेलं नाही. बायकापोरं, गुरंढोरं, रान सांभाळायचं, गळ्यात तुळशीची माळ घालायची आणि आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरायची. म्हणून आपल्या संप्रदायात ठिगळांचं वस्त्र आलं ते कंथा होऊन आलं नाही, वाकळ होऊन आलं. ते घरात राहिलं. आणि ते आणलं कुणी? जनाबाईनं.

जनाबाई गंगाखेडची. लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवरायांच्या घरची दासी म्हणून जन्मभर राहिली. नामदेवराय जातीनं शिंपी. शिंप्याच्या घरात काय उरतं? कातरणं, चिंध्या, तुकडे. मालकाच्या कामाचे नसलेले ते तुकडे दासीच्या वाट्याला येत असणार आणि त्यातनंच जनीची वाकळ झाली असणार, हा आमचा तर्क. कीर्तनात आम्ही तो तर्क म्हणूनच सांगतो.

ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 साली भक्तविजय पुरा केला, त्यात जनीची कथा आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. देव रात्री जनीच्या खोपटात यायचा, तिच्याबरोबर जातं ओढायचा. एके रात्री तिथंच निजला. पहाटे काकड्याची वेळ झाली. देव घाईनं उठला. अंगावरचा शेला आणि गळ्यातलं पदक जनीकडं राहिलं आणि देव जनीची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. बडव्यांनी दार उघडून बघितलं तर देवाच्या अंगावर ठिगळाची वाकळ आणि गळ्यात पदक नाही. आळ जनीवर आला. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेली. तिनं देवाचा धावा केला आणि सुळाचं पाणी झालं.

ही कथा आम्ही कितीतरी गावांत लावली. ऐकणाऱ्यांचं लक्ष पदकावर असतं, सुळावर असतं. चमत्कार झाला की टाळ्या पडतात. आमचं मन मात्र वाकळेपाशी अडकतं. बघा, देवाच्या अंगावर वाकळ दिसली. म्हंजे देव स्वतः जनीच्या घरी गेला होता याचा ढळढळीत पुरावा समोर होता. पण तो पुरावा कुणी वाचला नाही. सोनं कुठं गेलं याची चौकशी झाली, वाकळ कुठून आली याची झाली नाही. सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना वाकळ दिसतच नाही. आणि सोनं हरवलं की पहिला आळ वाकळ शिवणारीवर येतो. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही कुणाच्या वाड्यात, कुणाच्या फ्लॅटमधी घडते. काहीतरी हरवलं की आधी मोलकरणीची पिशवी तपासतात.

थंडीच्या दिवसांत पंढरपुरात आजही विठुरायाच्या अंगावर शाल-रजई घालतात, कानाला पट्टी बांधतात. देवाला थंडी वाजते हे मानणारा आपला संप्रदाय आहे. मग देवाला जनीच्या वाकळेत ऊब वाटली, हे मानायला काय हरकत आहे?

आता एक अवघड गोष्ट सांगतो. आमच्या आजीनं सांगितलेली आहे. पूर्वी गावातल्या मोठ्या घरचं जुनं लुगडं, विरलेलं धोतर बलुत्याबरोबर किंवा सणावाराला गावकुसाबाहेरच्या घरांत जायचं. तिथल्या बाया ते फाडून, धुऊन वाकळेत घालायच्या. म्हंजे त्या वाकळेत पाटलिणीचा काठ असायचा, कुलकर्ण्याच्या धोतराचा पट्टा असायचा, वाण्याच्या पोरीचा परकर असायचा. सगळा गाव एका वाकळेत टाक्यानं बांधलेला. पण त्या वाकळेवर बसायला त्या गावातलं कुणी तयार नव्हतं. कापड चालत होतं तिकडं जायला, माणूस चालत नव्हता इकडं यायला. टाळ-मृदंगाच्या मागं चालणाऱ्यांतही जुन्या काळी रांग वेगळी, पंगत वेगळी, निजायची जागा वेगळी होती. चोखोबारायांची समाधी महाद्वारापाशी पायरीजवळ आहे, पण त्यांच्या लोकांना ती पायरी ओलांडायला 1947 साल उजाडावं लागलं. मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, 1 तारखेपासून 10 तारखेपर्यंत, तेव्हा दार उघडायचं ठरलं. बायांनी सुईनं जे कधीच जोडलं होतं ते आपल्याला मान्य करायला इतका काळ लागला.

आणि गाडगेबाबांना विसरून कसं चालेल? 23 फेब्रुवारी 1876 ला वऱ्हाडात शेंडगावला जन्म, 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवला. अंगावर चिंध्या जोडलेला अंगरखा, हातात खराटा आणि मडक्याचं खापर. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे, चिंधेबुवा म्हणायचे. बाबा पंढरपूरला यायचे, पण राऊळात न जाता वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या. चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लाखाच्या इमारती उभ्या केल्या आणि अंगावर मात्र ठिगळच ठेवलं. आम्ही म्हणतो, साधूची कंथा आणि जनीची वाकळ या दोन्ही एका माणसाच्या अंगावर बघायच्या असतील तर गाडगेबाबांचा फोटो बघा.

आता कापडाचा हिशेब. पूर्वी कापड घरच्या सुताचं, गावच्या कोष्ट्या-साळ्यानं विणलेलं, म्हणून महाग. लुगडं विरेपर्यंत नेसायचं, मग त्याची वाकळ. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाची गिरणी उभारायला घेतली, ती 1856 ला सुरू झाली. आपल्या सोलापुरात 1877 साली गिरणी चालू झाली, तिला लोक अजून जुनी मिल म्हणतात. गिरणीचं कापड स्वस्त झालं तशी ठिगळांत छापील फुलं दिसायला लागली. माणदेशातली माणसं पावसानं दगा दिला की मुंबईला गिरणीत जायची. जाताना काखेत एक वळकटी. चाळीतल्या खोलीत पाळीपाळीनं निजायचं, पण वाकळ ज्याची त्याची.

गरिबाला ती किती मोलाची होती याची एक गोष्ट इतिहासात आहे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी माणसं घरं तपासायची आणि रोग्याच्या घरातलं अंथरूण-पांघरूण बाहेर काढून जाळायची. रोगाच्या भीतीनं जाळत असतील. पण ज्याच्या घरात तेवढंच धन होतं त्यानं रात्री काय करायचं? मोठ्या लढाईत 1943 साली कापडावर कंट्रोल आलं. आमच्या आईचं लहानपण त्या काळातलं. ती सांगायची की तेव्हा ठिगळालासुद्धा ठिगळ असायचं. 1972 च्या दुष्काळात आम्ही डोळ्यांनी बघितलं, खडी फोडायच्या कामावर बायांनी तरटाच्या पोत्यावर जुनी लुगडी टाचून वाकळा केल्या. तरट खाली, कापड वर. दिवसा त्याची सावली करायची, रात्री अंथरूण.

आपल्या दिंडीत वाकळ कशी होती ते आता सांगतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींचं आळंदीहून प्रस्थान. तिथून पंढरीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस. आज ट्रक आहे, पूर्वी बैलगाडी होती, आणि त्याच्या आधी ज्याचं ओझं त्याच्या डोक्यावर. वाकळेची गुंडाळी करून सुतळीनं बांधली की वळकटी झाली. आत एक जोड धोतर, भाकरीचं फडकं, हरिपाठाची पोथी. वर घोंगडी, खाली वाकळ, अशी रात्र निघायची, देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्या ओसरीवर, नाहीतर गाडीखाली. दिवे घाटात भिजलेली वाकळ सासवडला वाळत घालायची. नाही वाळली तर ओलीच पांघरायची. सकाळी अंगावर टाक्यांची रांगोळी उठलेली असायची.

या वाकळा शिवायच्या कुणी? दिंडीत ज्या घरचा माणूस जायचा त्या घरच्या बाया. आणि एक रीत होती. ती लिहून ठेवावी म्हणूनच आम्ही लेखणी हातात घेतली. ज्या म्हातारीचे पाय थकले, जिची वारी बंद पडली, ती आपलं एक लुगडं दिंडीच्या वाकळेला द्यायची. गावातली म्हातारी वारकरीण गेली तर तिचंही लुगडं त्याच कामाला यायचं. मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये असं काही लोक म्हणतात, पण वारीच्या वाकळेला तो नियम कुणी लावला नाही. पाय चालले नाहीत तरी काठ चालतो, असं आमची आजी म्हणायची. म्हणून आमच्या लहानपणी दिंडीतली एखादी वाकळ उलगडली की जुनी माणसं ठिगळावर बोट ठेवून सांगायची, ही अमक्याची आई, ही तमक्याची चुलती, ही बाळंतपणात गेलेली सून. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्यांची वही ती हीच. ती वाचणारी माणसं गेली आणि वाकळाही विरल्या.

दिंडीच्या जुन्या वह्या आम्ही या निमित्तानं चाळल्या. वीणेची तार, पखवाजाची शाई, टाळाच्या दोऱ्या, राहुटीचं कापड, गाडीचं भाडं, सगळं पैशापैशाला लिहिलंय. लिहिणाऱ्यांचे उपकार आहेत. वाकळेची नोंद मात्र एकही नाही, कारण तिच्यावर एक पैसा खर्च झाला नाही. फुकट आलेली वस्तू जमाखर्चात बसत नाही. शंभर वर्षं दिंडीला पांघरूण घालणाऱ्या बायांचं नाव म्हणून वहीत नाही.

वाकळ कमी का झाली, तेही सांगितलं पाहिजे. टेरिलिनचं, पॉलिस्टरचं कापड आलं. ते विरत नाही, घाम पीत नाही, सुईला घसरतं. सहावारी साडी आली, लुगडं गेलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले. पुष्कळ जण वळकटी घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. गिरणीचं सुती लुगडंही हळूहळू दुकानातून दिसेनासं झालं. त्यातच भांडेवाली दारात यायला लागली. जुन्या साड्या द्या, स्टीलचं पातेलं घ्या. पातेलं कुणाला नको? अशानं वाकळेचा माल दारातूनच निघून गेला. आता दिंडीच्या ट्रकात फोमच्या गाद्या असतात. त्या हलक्या आहेत, लवकर वाळतात, आम्हीही त्यावर निजतो. आणि शहरात मोठ्या दुकानात गोधडी काचेमागं टांगलेली असते, किंमत ऐकून आमच्यासारख्यानं नुसतं बघावं.

आम्ही जुन्याचं खोटं गोडवं गाणार नाही. वाकळ ही गरिबीची लेक. अंगभर नवं कापड मिळत असतं तर कुणी रात्र रात्र चिमणीच्या उजेडात डोळे फोडले नसते. दाभणानं बोटाची चाळण झालेले हात आम्ही बघितलेत. आमच्या आजीची नजर चुलीच्या धुरानं निम्मी गेली आणि वाकळेनं निम्मी. आज आमची नात कॉलेजात जाते, तिनं वाकळ शिवत बसावं असं आमचं म्हणणं नाही. वाकळ गेली तर जाऊ द्या. पण तिच्यातली माणसं जाऊ नयेत.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दिंडीच्या मंडळींपुढं दोन मागण्या ठेवतो. पहिली अशी, की प्रत्येक गावच्या वारकऱ्यानं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, दिंडीच्या वाकळा कुणी शिवल्या, कुणाचं लुगडं त्यात होतं. जेवढी नावं मिळतील तेवढी माहेर-सासरच्या गावासकट दिंडीच्या वहीत लिहावीत. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेलीत, हे काम पुढच्या वारीवर ढकलण्यासारखं नाही.

दुसरी मागणी, येत्या उन्हाळ्यात दिंडीची एक वाकळ शिवावी. दिंडीत जेवढी घरं आहेत त्या प्रत्येक घरातून, सगळ्या आळ्यांतून, सगळ्या जातींतून, सुती कापडाचा एक तुकडा घ्यावा. विकत आणलेला चालणार नाही, वापरलेला पाहिजे. मुक्कामाला वीणा ठेवतो तिथं ती वाकळ खाली अंथरावी. शिवायला बाया आहेत अजून, आम्ही विचारून ठेवलंय. पुरुषांनीही दोन-दोन टाके घालावेत, नामदेवराय शिंपीच होते, त्यात कमीपणा काही नाही. शेवटचा टाका घालायच्या आत पोटात जोंधळ्याचे चार दाणे ठेवायला विसरू नका.

दाणे आम्ही आमच्या रानातले देऊ.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.